पासष्ट की सदुसष्ट

कॅप्टन रऊफ शिन्नावी आजवर कुठल्याच भांडणात पडला नव्हता, आणि निवृत्तीला चार-पाच महिने उरलेले असताना त्याला आता पडायचंही नव्हतं. त्याला ओढलं वगीहनं. आणि वगीहला नाही म्हणणं रऊफला तरुणपणीही जमलं नव्हतं.

कैरोतल्या कुर्बा बाजाराच्या कमानींखाली जे कॉफीचं दुकान आहे, तिथं सकाळी निम्मी गिऱ्हाइकं विमानाच्या धंद्यातली असतात. विमानतळ जवळ, आणि म्हातारे वैमानिक मस्र अल-जदीदाची ही वस्ती सोडून दुसरीकडे राहायला तयार होत नाहीत. तिथंच वगीह अब्दुन्नूर त्याच्यासमोर येऊन बसला आणि रऊफची अर्धी कॉफी स्वतःच पिऊन टाकली.

"समितीची तारीख पडली," तो म्हणाला. "पुढच्या मंगळवारी. तू माझ्याबरोबर यायचंस."

"मी येऊन काय करू?"

"काही नाही. फक्त बसायचं. तुझे डोळे बघ, तुझं पोट बघ. हृदय, साखर, रक्तदाब, सगळं ठणठणीत. ते जाडजूड सभासद तुला बघतील आणि त्यांनाच स्वतःची लाज वाटेल. पासष्टाव्या वर्षी असल्या माणसाला घरी बसवायचं म्हणजे वेडेपणा आहे, हे मला सांगावंसुद्धा लागणार नाही."

"मला बोलता येत नाही रे लोकांसमोर."

"चाळीस वर्षं प्रवाशांशी बोलतोयस की!"

"ते उलट उत्तर देत नव्हते."

वगीह मोठ्यानं हसला. मग हसू ओसरलं आणि त्याचा चेहरा एकदम ओघळल्यासारखा दिसला. दोघं एकाच तुकडीतले, एकाच वर्षी जन्मलेले. पण वगीहचं लग्न उशिरा झालं होतं. मुलगी दातांची डॉक्टर व्हायला शिकत होती, मुलगा अजून शाळेत होता.

"रऊफ, तुला निवृत्ती म्हणजे आराम आहे," तो म्हणाला. "माझं तसं नाही. मला ही दोन वर्षं पाहिजेत. कुमारी मरियमची शपथ, मी भीक मागत नाहीये. काम करायला मागतोय."

रऊफ येतो म्हणाला.

वाद सगळ्या कंपनीत पेटलेला होता. वैमानिकांची निवृत्ती पासष्टवरून सदुसष्टवर न्यावी असा प्रस्ताव संसदेच्या वाहतूक समितीपुढे आला होता. कंपनीला तो हवा होता, कारण तरुण वैमानिक भराभर आखातात निघून जात होते आणि विमानं चालवायला माणसं पुरत नव्हती. म्हाताऱ्यांना तो हवा होता. उजव्या खुर्चीवर बसणाऱ्या सहवैमानिकांना तो अजिबात नको होता, कारण डाव्या खुर्चीतला म्हातारा उठल्याशिवाय त्यांना ती मिळत नाही. त्यांनी विरोधात सह्या गोळा केल्या होत्या, आणि त्यात पुढं होती नर्मीन.

त्या आठवड्यात रऊफ नर्मीनबरोबरच जेद्दाहला गेला. मक्केच्या उमरा यात्रेचे दिवस होते. त्याआधी तो लागोसहून परतला होता, मध्ये एक दिवस घरी, त्या दिवशीही कुणीतरी आजारी पडलं म्हणून त्याला राखीव ठेवलेलं. झोप म्हणाल तर झाली होती. पण हल्ली झोप होऊनही उठताना अंगातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटायचं.

नर्मीन तोंडावर बोलणारी. लाल समुद्रावर विमान स्थिरावलं तशी म्हणाली, "कॅप्टन, तुमच्याशी माझं वैर नाही. पण तुम्ही दोन वर्षं जास्त बसलात की मीही इथं दोन वर्षं जास्त बसते. एक्केचाळिशी आली माझी. माझ्याबरोबरचे दोहाला जाऊन कॅप्टन झाले."

"मला कुठं बसायचंय?"

"मग समितीपुढं कशाला जाताय?"

"वगीहनं सांगितलं म्हणून."

"म्हणजे काय, शाळेची सहल आहे?" ती हसली. "कॅप्टन, तुम्ही फार भले आहात. भल्या माणसांचाच फार त्रास होतो."

रऊफला राग आला नाही. तिचं विमान चालवणं त्याला आवडायचं. हात हलका, घाई नाही. डावी खुर्ची तिला केव्हाच मिळायला हवी होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

जेद्दाहला यात्रेकरू उतरले, परतीचे चढले, झमझम विहिरीच्या पवित्र पाण्याचे डबे मोजण्यावरून खाली थोडा आरडाओरडा झाला, आणि विमान पुन्हा निघालं. जाताना सकाळचा सूर्य समोर होता. येताना उतरतं ऊन समोर. खाली तोच समुद्र, तोच पांढरट किनारा. नर्मीननं यंत्रातून आलेला कागद फाडून घेतला आणि म्हणाली, "तिकडचं हवामान आलंय. वाचू?"

आणि रऊफला कळेना, तिकडचं म्हणजे कुठलं.

आपण जातोय की येतोय? समोर ऊन होतं, खाली पाणी होतं. मागं माणसं होती, पण ती जाणारी होती की परतणारी? त्यानं आठवायचा प्रयत्न केला तर आत काहीच नव्हतं. धूळ बसलेल्या रिकाम्या खोलीत दिवा लावल्यासारखं वाटलं. त्यानं पडद्याकडं पाहिलं. कैरो, असं तिथं लिहिलेलं होतं.

"वाच," तो म्हणाला.

तिनं वाचलं. तिला काही कळलं नव्हतं. कळण्यासारखं काही झालंच नव्हतं. चार-दोन श्वासांचा मामला. विमान त्यानंच उतरवलं, आणि इतकं अलगद उतरवलं की यात्रेकरूंनी टाळ्या वाजवल्या आणि मागं कुणा बाईनं आनंदानं ललकारीही दिली. रऊफ मात्र सगळे उतरून गेले तरी पट्टा न सोडता बसून राहिला.

"कॅप्टन?" नर्मीननं दारातून विचारलं.

"तू हो पुढं, पोरी. मी येतो."

घरी इन्साफ द्राक्षाच्या पानांत भात भरत बसली होती. चाळीस वर्षं त्याच्या येण्या-जाण्याच्या वेळांवर तिचा स्वयंपाक चालायचा, आणि त्याच्या चालीवरून त्याचा दिवस तिला कळायचा. त्यानं टोपी ठेवली, तिच्यासमोर बसला आणि झालं ते सांगून टाकलं. तिनं हातातलं पान नीट गुंडाळून पातेल्यात लावलं.

"मीसुद्धा विसरते," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही."

"तुझं स्वयंपाकघर आकाशात नसतं, इन्साफ."

"पण काही झालं का? नाही ना. चार-पाच महिने राहिलेत. नीट जेव, नीट झोप, आणि हे कुणाला बोलू नकोस. वगीहला तर मुळीच नाही."

"नाही बोलणार."

त्याला खरंच बोलायचं नव्हतं.

मंगळवारी समितीच्या खोलीत खूप खुर्च्या आणि थोडी हवा होती. कंपनीचे लोक एका बाजूला, सह्या करणारे दुसऱ्या बाजूला. नर्मीन साध्या कपड्यांत, केस घट्ट बांधून बसली होती. वगीह गणवेशात आला होता आणि बोलला झकास. इतर कुठल्या देशांत काय नियम आहेत, अनुभव म्हणजे काय, वाळूच्या वादळात कुणाचे हात कापत नाहीत, सगळं. मग नर्मीन बोलली. तिचं बोलणं कोरडं, पण पक्कं होतं: बढत्या अडतात म्हणून तरुण जातात, तरुण जातात म्हणून म्हातारे लागतात, आणि पासष्टनंतर परदेशी आकाशात तसंही कुणी येऊ देणार नाही, मग हे कॅप्टन देशातल्या देशातच फिरणार, त्याचा हिशेब कुणी केलाय का?

सभासदांत एक म्हातारे वकील होते. झुपकेदार भुवया, आवाज मायाळू. ते प्रस्तावाच्या बाजूचे होते. त्यांनी रऊफकडं हात केला.

"हे आपले कॅप्टन शिन्नावी. माशाल्ला, माझ्या मुलापेक्षा तरुण दिसतात. कॅप्टन, एकच विचारतो. त्या बाजूला बसलेल्या लोकांना वाटतं की तुम्ही थकलात. तुम्ही थकलात का?"

वगीहनं त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारली. उठ आणि नाही म्हण, एवढाच त्या थापेचा अर्थ.

रऊफ उठला. नाही म्हणायचं ठरवूनच उठला होता. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. डॉक्टर डोळे तपासायचे, परीक्षक हात तपासायचे, इन्साफ जेवलास का विचारायची. थकलास का, असं कुणीच नाही.

"हो," तो म्हणाला. "फार."

खोलीत कुणीतरी खाकरलं. वकिलांच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे सगळ्यांनाच कधीमधी..."

"कधीमधी नाही, साहेब. परवा जेद्दाहहून येताना मी विसरलो की आपण जातोय की येतोय. थोडा वेळ. पडद्यावर बघून मला कळलं."

पुढं तो आणखी काही बोलला. कॅप्टन वगीह थकलेला नाही, असं म्हणाला. सगळे सारखे नसतात, असंही म्हणाला. पण ते कुणी ऐकलं नाही. मागं बसलेले वार्ताहर खाली मान घालून भराभर लिहायला लागले होते, आणि नर्मीन त्याच्याकडं वळून बघत होती, कारण त्या दिवशी उजव्या खुर्चीत तीच होती.

बाहेर जिन्यावर वगीहनं त्याला गाठलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तुला नको होतं तर नको म्हणायचंस मला. कॉफीवर म्हणायचंस."

"वगीह, मी ठरवून नाही..."

"माझ्या मुलीला मी काय सांगू? रऊफकाकाला खरं बोलायची हुक्की आली, तू आता कॉलेज सोड?"

"मी तुझ्याबद्दल चांगलंच बोललो."

"तू आम्हाला सगळ्यांना विसरभोळे म्हातारे करून ठेवलंस." वगीहनं टोपी घातली. "चाळीस वर्षं तुझ्याशेजारी जेवलो मी. आज एक शब्द खोटा बोलला असतास तर काय आकाश कोसळणार होतं?"

तो जिना उतरून गेला. त्याचा उजवा गुडघा दुखत होता, हे रऊफला पाठीमागूनसुद्धा दिसलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत नाव नव्हतं, पण कैरोत नाव लपत नाही. गल्लीच्या तोंडावर फूल, म्हणजे वालांची उसळ, विकणारा पाव बांधता बांधता म्हणाला, "कॅप्टन बाशा, घरचा रस्ता ठाऊक आहे ना, की कुणाला बरोबर देऊ?" शेजारची गिऱ्हाइकं हसली. उसळवाल्याच्या मनात वाईट नव्हतं; त्यानं वर दोन ताअमिया वडे जास्त घातले. टॅक्सीवाले तर हा विनोद इतके सांगायचे की एकानं तो खुद्द रऊफलाच ऐकवला: विमान निघतं जेद्दाहला, कॅप्टन विचारतो, लोकहो, आपण आलो की चाललो? रऊफनं हसून पैसे दिले आणि एक चौक आधीच उतरला.

कंपनीनं त्याला उड्डाणांच्या पाळ्यांच्या रोस्टरवरून काढलं आणि तपासणीला पाठवलं. डॉक्टर तरुण होता. डोक्याचे फोटो काढले, कोडी सोडवायला दिली, आकडे उलटे म्हणायला लावले. शेवटी खुर्ची मागं सरकवून म्हणाला, "कॅप्टन, डोकं स्वच्छ आहे. माझ्यापेक्षा बरं."

"मग तसं का झालं?"

"झोपा. मोठी सुट्टी घ्या. माणूस थकतो."

"हेच तर मी सांगितलं होतं," रऊफ म्हणाला.

डॉक्टरचा कागद एका टेबलावर गेला, तिथून दुसऱ्या टेबलावर. परत उडायची परवानगी कुणी नाकारली नाही आणि कुणी दिलीही नाही. तो जेद्दाहहून आला ते त्याचं शेवटचं उड्डाण ठरलं. तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं. बाकीच्यांचं शेवटचं विमान उतरतं तेव्हा अग्निशमन दलाच्या गाड्या दोन्ही बाजूंनी पाण्याच्या कमानी उडवतात, मुलं-नातवंडं हार घेऊन येतात. इन्साफनं त्यासाठी मागच्याच वर्षी निळा पोशाख शिवून ठेवला होता. तिनं तो एके दिवशी मुलीला देऊन टाकला.

नर्मीन एकदा घरी आली. रव्याचा गोड बसबूसा घेऊन आली, पण चेहरा भांडणाचा होता.

"तुम्ही माझी बाजू जिंकून दिलीत असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. "मला अशी नको होती, कॅप्टन. मी बढतीचा मुद्दा नेला होता, रोस्टरचा मुद्दा नेणार होते. तुम्ही एक गोष्ट सांगितलीत आणि आता सगळे फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्याबद्दल बोलतात."

"मग काय बोलायला हवं?"

"मी एक्केचाळिशीची आहे आणि मागच्या महिन्यात लागोसहून येताना डोळे उघडे ठेवून झोपले होते. शेजारी कोण होतं, विचारू नका. तोही झोपला होता." तिनं कपाळ चोळलं. "हे वयाचं नाहीये. माणसं कमी आणि विमानं जास्त, त्याचं आहे. पण वयावर भांडायला सगळ्यांना सोपं जातं. कंपनीलासुद्धा."

रऊफनं विचारलं, "तू हे तिथं का नाही बोललीस?"

"कारण मला नोकरी टिकवायची आहे," ती म्हणाली. आणि मग, जरा वेळानं, हळू आवाजात, "तुमच्यासारखं उठून बोलायचं माझ्यात नाही."

इन्साफनं चहा आणला. तिघांनी बसबूसा खाल्ला. जाताना नर्मीन दारात थांबली आणि तिनं सांगितलं की दोहाहून बोलावणं आलंय, वर्षभरात कॅप्टन करतो म्हणतात.

"जाणार?"

"तुम्ही काय म्हणता?"

"जा," तो म्हणाला. म्हणताना त्याला वाईट वाटलं, कारण हिच्यासारख्यांसाठीच ती खुर्ची रिकामी व्हायला हवी, असा त्याचा समज होता. आता खुर्ची रिकामी होणार होती आणि बसायला तीच नसणार होती.

प्रस्तावाचं शेवटी असं झालं की तो पडलाही नाही आणि पुरता मंजूरही झाला नाही. दरवर्षी दोनदा जास्तीची तपासणी करून, फक्त देशातल्या देशात, सदुसष्टपर्यंत परवानगी मिळाली. वगीहला त्याचा लाभ झाला. ज्यानं अटलांटिक ओलांडला होता, तो आता कैरोहून अस्वान, अस्वानहून अबू सिंबेल, पुन्हा अस्वान, पुन्हा कैरो असा फिरायला लागला. पूर्वी तो एक लांबचं उड्डाण करून दोन दिवस झोपायचा. आता दिवसातून चारदा चढायचं आणि चारदा उतरायचं. हे रऊफला इतरांकडून कळायचं. त्यानं दोनदा फोन केला, वगीहनं उचलला नाही. ईस्टरला त्यानं निरोप पाठवला, त्याला उत्तर आलं, पण नुसतं, तुलाही, एवढंच.

रऊफचं आयुष्य म्हणाल तर बरं चाललं होतं. तो दुपारी झोपायचा. पहिले दोन-तीन महिने नुसता झोपायचा, इतका की इन्साफ श्वास बघायला यायची. मग हळूहळू अंगातलं जड काहीतरी उतरलं. पण त्या जागी दुसरं काही आलं नाही. तो बाल्कनीत बसून वर जाणाऱ्या विमानांची चाकं आत जाताना बघायचा आणि आत उठून यायचा.

जूनच्या अखेरीला, उन्हानं डांबर मऊ झालेलं असताना, भर दुपारी दार वाजलं. इन्साफनं उघडलं. दारात वगीह होता, गणवेशात. शर्ट पाठीला चिकटलेला, टोपी बगलेत, डोळे तांबारलेले.

"या की," इन्साफ म्हणाली, जणू कालच येऊन गेला होता. "मुलूखियाची पातळ भाजी केलीय. ससा मिळाला नाही, कोंबडीची आहे."

रऊफ आतून आला. दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. रऊफनं मनात बरंच काही जमवून ठेवलं होतं, जिन्यावर न बोललेलं.

"लिफ्ट बंद आहे तुमची," वगीह म्हणाला.

"आठवडा झाला. बस."

वगीह सोफ्यावर बसला. पाण्याचा पेला एका दमात संपवला. मग पेल्याकडं बघत म्हणाला, "आज अस्वानला उतरताना..." आणि थांबला.

पंखा फिरत होता. वगीहनं पेला जमिनीवर ठेवला, डोकं मागं टेकवलं आणि म्हणाला, "घरी गेलो तर पोरं काय काय विचारतात. माझ्याच्यानं बोलवत नाही. जरा वेळ इथं..."

वाक्य तिथंच राहिलं. त्याचे डोळे मिटले होते.

इन्साफ ताटं घेऊन आली तर तो झोपलेला. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर पालथे. झोपेत तो फार म्हातारा दिसत होता, आणि रऊफला एकदम वाटलं, आपणही असेच दिसत असू.

"उठवू का?" ती कुजबुजली. "मुलूखिया गार होईल."

"होऊ दे."

रऊफनं गुडघे टेकून त्याच्या बुटांचे बंद सोडले. पाय सुजले होते, बूट ओढून काढावे लागले. मग त्यानं लाकडी झडपा लावून घेतल्या आणि समोरच्या खुर्चीत बसला. वाचायला काही घेतलं नाही. खोलीत पंख्याचा आणि वगीहच्या घोरण्याचा आवाज होता, आणि मधूनच वरून एखादं विमान जायचं.

ऊन कलल्यावर वगीह जागा झाला. आपण कुठं आहोत हे त्याला क्षणभर कळलं नाही. रऊफनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. वगीहनंही ते पाहिलं.

तो जेवला, भरपूर जेवला. भाकरीनं वाटी पुसून घेतली. मुलगी शेवटच्या वर्षाला गेली म्हणाला. नर्मीन दोहाला डाव्या खुर्चीच्या परीक्षेला बसलीय, तेही त्यानंच सांगितलं.

"अजून किती राहिलं तुझं?" रऊफनं विचारलं.

"दीड वर्ष. मुलीचं व्हायला हवं तोवर." तो बूट घालायला वाकला आणि वाकलेलाच म्हणाला, "तू तेव्हा माझ्याबद्दल जे म्हणालास ना, की मी थकलेलो नाही. ते खोटं बोललास."

"मला खरंच तसं वाटलं होतं."

"मलाही," वगीह म्हणाला.

उठताना त्यानं सोफ्याच्या हाताचा आधार घेतला. उद्या पहाटे पुन्हा अस्वान होतं. रऊफनं भिंतीवरची गाडीची किल्ली काढली.

"कशाला? मी टॅक्सीनं जातो."

"चल. आणि पहाटेही मीच येतो न्यायला."

"रोज येणार आहेस का?"

"मला दुसरं काय काम आहे?" रऊफ म्हणाला. "गाडी मी चालवतो. तू मागं बसून झोप."

वगीह त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं टोपी रऊफच्या हातात दिली, कठडा धरला आणि दोघं एकेक पायरी बघत, थांबत थांबत, जिना उतरायला लागले.